आधी बेटाचं वय विचारा

हवाईतल्या किलाउएआ ज्वालामुखीचा लाव्हा थंड होऊन खडक झाला, की त्या काळ्या, उघड्याबोडक्या पठारावर सर्वांत आधी राहायला कोण येतं? शेवाळ, नेचे, गवत असं उत्तर बहुतेक जण देतील. प्रत्यक्षात पहिल्या रहिवाशांमध्ये असतो एक बिनपंखी रातकिडा. गवताचं पातंही नसताना, काही महिन्यांतच तो तिथे दिसू लागतो. दिवसा खडकाच्या भेगेत दडतो, रात्री बाहेर पडतो आणि वाऱ्याने आणून टाकलेला पालापाचोळा, मेलेले किडे असलं काहीबाही खाऊन जगतो. पुढे त्या खडकावर झाडंझुडपं माजली की हा तिथून नाहीसा होतो. हिरवाई त्याला मानवत नाही. त्याला नवा खडक लागतो आणि किलाउएआ तो पुरवत राहतो.

हवाईचं वर्णन करताना 'नंदनवन' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. तिथला निसर्ग समजून घ्यायचा तर प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा: ही जमीन किती जुनी? बाकीची बरीच उत्तरं त्यातून मिळत जातात.

जगातले बहुतेक ज्वालामुखी भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या, कडांवर आहेत. हवाई मात्र पॅसिफिक भूपट्टाच्या ऐन मध्यावर, सर्वांत जवळच्या खंडापासून साडेतीन हजारांहून जास्त किलोमीटर दूर. मग इथे आग कुठून आली? १९६३ मध्ये कॅनडाचे भूभौतिकशास्त्रज्ञ जे. तुझो विल्सन यांनी याचं उत्तर सुचवलं. कवचाखालच्या प्रावरणातून वर येणारा तप्त खडकाचा झोत जवळजवळ जागचा हलत नाही, वरचा भूपट्ट मात्र वायव्येकडे सरकत राहतो. शिलाई मशीनची सुई एकाच जागी वर-खाली होते, खालचं कापड सरकतं आणि टाक्यांची रांग उमटते, तशी ही बेटांची रांग. भूपट्टाचा वेग वर्षाला सात ते दहा सेंटिमीटर. वायव्येचं काउआई सुमारे ५० लाख वर्षांचं. ओआहू आणि माउई क्रमाने त्याहून तरुण. आग्नेयेचं 'हवाई' नावाचं सर्वांत मोठं बेट तर जेमतेम दहा लाख वर्षांच्या आतलं, आणि किलाउएआ याच बेटावर आहे. त्याच्याही आग्नेयेला समुद्राखाली कामाएहुआकानालोआ हा पुढचा ज्वालामुखी वाढतो आहे. त्याचा माथा अजून पाण्याखाली जवळपास एक किलोमीटरवर आहे.

हा वयाचा क्रम विल्सन यांच्या कितीतरी आधी बेटावरच्या लोकांच्या लक्षात आला होता. त्यांच्या कथांमध्ये अग्निदेवी पेले काउआईपासून घर शोधत निघते. जिथे खणावं तिथे तिची थोरली बहीण, समुद्राची देवी नामाका, विस्तव विझवते. मग पेले ओआहू, माउई असं करत शेवटी किलाउएआच्या विवरात स्थिरावते. वायव्येचे डोंगर जास्त झिजलेले, त्यांच्या दऱ्या जास्त खोल, हे नीट पाहिल्याशिवाय अशी कथा रचली जाणार नाही. १८४० च्या सुमारास तिथे गेलेले अमेरिकी भूवैज्ञानिक जेम्स ड्वाइट डाना यांनीही झीज पाहूनच हा क्रम लावला.

मराठी वाचकाला हे फार परकं वाटायला नको. सह्याद्रीच्या घाटात दिसणारे बेसाल्टचे थर हे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे, आणि त्यामागेही असाच एक तप्त झोत होता असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भारत उत्तरेकडे सरकत गेला, आणि त्या झोताचा माग लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस असा दक्षिणेला उतरत आज रीयुनियन बेटाखाली पोचतो. दख्खनचे थर तपासणारे अभ्यासक त्यातल्या गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेल्या लाव्ह्याला 'पाहोएहोए' आणि खडबडीत, अणकुचीदार लाव्ह्याला 'आआ' म्हणतात. दोन्ही शब्द थेट हवाई भाषेतले आहेत.

किलाउएआची अलीकडची कामगिरी पाहिली तर 'भूशास्त्रीय काळ' म्हणजे संथ काळ हा समज टिकत नाही. १९८३ मध्ये सुरू झालेला त्याचा उद्रेक ३५ वर्षं चालू होता. २०१८ च्या मे महिन्यात बेटाच्या पूर्व भागात जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा थेट वस्तीत शिरला, ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. सातशेहून जास्त घरं गेली. कापोहोचा अख्खा उपसागर लाव्ह्याने बुजला आणि किनाऱ्याला साडेतीन चौरस किलोमीटर नवी जमीन जोडली गेली. इतका लाव्हा खालून निघून गेल्यावर शिखरावरचं हलेमाउमाऊ विवर खचून शेकडो मीटर खोल झालं. २०१९ मध्ये त्याच्या तळाशी भूजल साचून चक्क तळं झालं. डिसेंबर २०२० मध्ये नव्या लाव्ह्याने ते तळं वाफ करून संपवलं. शेजारचा मौना लोआही ३८ वर्षांच्या शांततेनंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये जागा झाला. १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या तिथल्या वेधशाळेचा रस्ता आणि वीज त्याच्या लाव्ह्याने तोडली. मोजमाप खंडू नये म्हणून उपकरणं काही काळ समोरच्या मौना केआवर न्यावी लागली. डिसेंबर २०२४ पासून किलाउएआ पुन्हा थांबून थांबून लाव्ह्याची कारंजी उडवू लागला. त्यातली काही तीनशे मीटरच्या वर गेली.

एवढी उलथापालथ होत असताना तिथले जीव टिकतात कसे?

लाव्हा सगळंच जाळत नाही. उतारावरून येताना तो उंचवट्यांना वळसा घालतो आणि मध्ये जुन्या जंगलाचे तुकडे शिल्लक राहतात. हवाईत त्यांना किपुका म्हणतात. समुद्रातल्या बेटावर खडकाच्या समुद्रातली ही आणखी छोटी बेटं. एखाद्या किपुकात अडकलेल्या माश्यांना पलीकडच्या किपुकात सहजासहजी जाता येत नाही, त्यामुळे प्रत्येक टोळी आपापल्या वाटेने बदलत जाते. पिकल्या केळ्याभोवती घोंघावणाऱ्या चिलटांची भावंडं, म्हणजे ड्रोसोफिला कुळातल्या माश्या, हवाईत किती प्रकारच्या असाव्यात? वर्णन झालेल्या जातीच पाचशेहून जास्त आहेत. आनुवंशिकीतज्ज्ञ हॅम्पटन कार्सन यांनी त्यांच्या गुणसूत्रांवरच्या पट्ट्यांवरून कोणती जात कोणत्या बेटावरून आली याची वंशावळच मांडली, आणि बहुतेक वेळा प्रवास जुन्या बेटाकडून नव्याकडे झाल्याचं दिसलं. काही जाती फक्त सर्वांत तरुण बेटावर सापडतात. म्हणजे त्यांना घडायला मिळालेला वेळ त्या बेटाच्या वयापेक्षा जास्त असूच शकत नाही. उत्क्रांतीचं घड्याळ लावायला याहून सोयीची जागा जगात कमी असतील.

जंगल परत येतं ते मुख्यतः ओहिआ या झाडाच्या बळावर. त्याचं बी धुळीसारखं हलकं, वाऱ्यावर येऊन खडकाच्या फटीत पडतं आणि रुजतं. समुद्रकाठापासून उंच डोंगरापर्यंत, कुठे गुडघ्याएवढं झुडूप तर कुठे पंचवीस मीटरचा वृक्ष, अशी त्याची रूपं. लाव्हा वाहून गेल्यावर खाली उरलेल्या पोकळ बोगद्यांमध्ये याच झाडाची मुळं छतातून लोंबतात. १९७१ मध्ये कीटकतज्ज्ञ फ्रान्सिस हॉवर्थ यांना त्या मिट्ट काळोखात मुळांचा रस शोषून जगणारे आंधळे, फिकट कीटक सापडले. इतक्या ताज्या खडकात गुहेतले जीव घडलेच नसतील, असं तोवर गृहीत धरलं जात होतं.

मला स्वतःला सर्वांत थक्क करतात ती हवाईची लोबेलिया नावाची फुलझाडं. सव्वाशेच्या आसपास जाती, कुणाची फुलं लांब आणि वाकडी, आणि सगळ्यांचा पूर्वज एकच. जनुकीय अभ्यासानुसार तो हवाईत आला सुमारे १.३ कोटी वर्षांपूर्वी. पण काउआईच ५० लाख वर्षांचं! मग तो उतरला कुठे? वायव्येच्या एखाद्या बेटावर, ज्याच्या जागी आज लाटांमधून जेमतेम डोकं काढणारा खडक किंवा प्रवाळाचं कडं उरलं आहे. भूपट्टाबरोबर सरकताना प्रत्येक बेट थंड होतं, झिजतं, खचतं. त्याच्यावरची वंशावळ मात्र वेळीच पुढच्या बेटावर उडी मारून गेलेली असते.

लोबेलियाच्या वाकड्या फुलांत चपखल बसणाऱ्या वाकड्या चोचीचे पक्षी, हवाईचे मधपक्षी, हे आशियातून आलेल्या एका फिंचचे वंशज. पन्नासहून जास्त जाती घडल्या, त्यातल्या विशीच्या आतच उरल्या आहेत. याला ज्वालामुखी जबाबदार नाही. १८२६ च्या सुमारास माउईच्या लाहाइना बंदरात एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून क्युलेक्स डास उतरला. आपल्याकडे हत्तीरोग पसरवतो, तीच ही जात. हवाईत तोवर डास नव्हतेच. पुढे पक्ष्यांचा मलेरियाही आला, आणि ज्यांच्या रक्ताला हा रोग ठाऊकच नव्हता ते पक्षी सखल जंगलांतून संपत गेले. लालभडक इइवी या मधपक्ष्याला तर एक चावाही जीवघेणा ठरू शकतो.

गार हवेत डास आणि मलेरियाचा परजीवी दोन्ही वाढत नाहीत, म्हणून उरलेले पक्षी उंचावर तगले. पण किती उंचावर, हे पुन्हा बेटाचं वय ठरवतं. तरुण हवाई बेटावर चार हजार मीटरहून उंच पर्वत आहेत. झिजून आणि खचून बसलेल्या काउआईचं सर्वांत उंच टोक १६०० मीटरही नाही. हवामान तापू लागलं तसे डास तिथल्या पठारावर पोचले, आणि अकिकिकी हा फक्त काउआईचा पक्षी जंगलातून जवळपास नाहीसा झाला. बंदिस्त प्रजनन केंद्रांत काही राखले आहेत. आता उपाय म्हणून वोल्बाकिया जिवाणूचा वेगळा वाण असलेले नर डास सोडले जातात. नर चावत नाहीत, आणि त्यांच्याशी जुळलेल्या मादीची अंडी उबत नाहीत. माउईवर हे काम २०२३ मध्ये सुरू झालं, नंतर काउआईवरही. रस्ते नसलेल्या उतारांवर हे डास हेलिकॉप्टर आणि ड्रोनमधून पोचवले जातात, आणि जंगली डासांची संख्या दबून राहावी म्हणून ते पुन्हापुन्हा सोडत राहावे लागतात.