ऑलिव्ह, प्राचीन ॲटिकामधील

ऑलिव्ह (जैतून) : अथेन्सभोवतालच्या ॲटिका प्रदेशातील मुख्य तेलफळ. झाड खाजगी शेतात उभे असले तरी त्यावर नगरराज्याचा डोळा असे. कायदा, वसुली आणि उत्सव या तिन्हींत ते गुंतले होते.

ॲटिकाची माती उथळ, चुनखडीची. पाऊस वर्षाला जेमतेम ४०० मिमी., तोही बहुतेक ऑक्टोबर ते मार्च. गव्हाला ही जमीन मानवत नाही, जव बऱ्यापैकी येतो; ऑलिव्ह मात्र खडकाच्या फटीतही तग धरते. झाडांमधल्या पट्ट्यात जव पेरत. बी लावून आलेले झाड रानटी निघते, म्हणून फांद्यांचे छाट, खोडाच्या बुडाशी येणाऱ्या गाठी किंवा रानटी खुंटावरचे कलम या रीतींनी लागवड होई. ऑलिंपियाच्या विजेत्याचा मुकुट मात्र त्याच रानटी ऑलिव्हच्या डहाळीचा. फळ धरायला पाच-सात वर्षे आणि भर उत्पन्नाला वीसेक वर्षे लागत, तेव्हा लावणारा बहुधा मुलासाठीच लावी. हापूससारखा याचाही बहर एक वर्षाआड. त्यात माणसाचाही हात होता : काठीने झोडपले की पुढच्या वर्षी फळ देणाऱ्या कोवळ्या डहाळ्या मोडतात. तरी झोडपणेच रूढ होते. ब्रिटिश म्युझियममधील इ.स.पू. ५२० च्या सुमाराच्या एका कुंभावर दोन पुरुष लांब काठ्या चालवताना, एक तरुण झाडावर चढलेला आणि दुसरा खाली वाकून टोपलीत फळे वेचताना दिसतो.

तोडणी ऑक्टोबरअखेरपासून हिवाळाभर चाले. हिरव्या फळाचे तेल कमी पण सरस, काळ्या फळाचे जास्त. वेचलेले फळ ढिगात पडून राहिले तर तापते, आंबते, आणि त्याचा कुबट वास तेलातून जात नाही. फळ दगडी उखळीत किंवा रुळाखाली चिरडत. उखळीत फिरणाऱ्या दगडी चाकांच्या घाण्याचे भाग इ.स.पू. ३४८ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या, उत्तर ग्रीसमधील ओलिंथस शहरात मिळाले आहेत. लगदा पिशव्यांत भरून दाबाच्या तुळईखाली रचत. तुळईचे एक टोक भिंतीच्या खाचेत अडकवलेले, दुसऱ्याला दगड बांधलेले. बॉस्टनच्या संग्रहालयातील एका पेल्यावर तुळईला दगडांच्या पिशव्या लटकल्या आहेत आणि वजन कमी पडते म्हणून एक माणूसही तिला लोंबकळतो आहे. पहिल्या दाबानंतर चोथ्यावर गरम पाणी ओतून पुन्हा दाबत. हौदात तेल वर तरंगते, खाली काळे कडवट पाणी राहते. ते वेळीच वेगळे केले नाही तर तेल खराब होते. उरलेली पेंड वाळवून जाळत. आजच्या यंत्रांनाही लिटरभर तेलाला साधारण पाच किलो फळ लागते. तुळईवर त्याहून जास्त लागे.

इ.स.पू. ५९४ मध्ये आर्खोन (अथेन्सचा वर्षभरासाठी नेमलेला मुख्य अधिकारी) झालेल्या सोलोनने शेतमालापैकी फक्त ऑलिव्ह तेल परदेशी विकायला मोकळे ठेवले, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. शेजाऱ्याच्या हद्दीपासून इतर झाडे ५ फूट, पण ऑलिव्ह आणि अंजीर ९ फूट लांब लावायचे, हा नियमही त्याचाच. यांची मुळे दूरवर पसरून शेजाऱ्याच्या पिकाचे अन्न ओढतात, हे कारण. स्वतःच्या गरजेसाठी वर्षाला दोनच झाडे उपटता येत. त्याहून जास्त उपटल्यास प्रत्येक झाडामागे १०० द्राख्मा (चांदीची नाणी) दंड सरकारात आणि तेवढेच फिर्यादीला.

काही झाडे ‘मोरिया’, म्हणजे अथेना देवीची. ती कोणाच्याही शेतात असू शकत, आणि त्यांचा वाळका, कुंपण घातलेला खुंटही पवित्र. असा खुंट उपटल्याच्या आरोपाविरुद्ध एका जमीनदारासाठी लिसियस या भाषणलेखकाने लिहिलेले भाषण उपलब्ध आहे. शिक्षा हद्दपारी आणि मालमत्तेची जप्ती, त्यामुळे मोरिया असलेली जमीन घेणे ही जोखीमच. इ.स.पू. चौथ्या शतकात मालकाकडून झाडामागे दीड कोटिले, म्हणजे सुमारे ४०० मिलि. तेल घेत. आर्खोनने हे तेल पूर्ण जमा करून ॲक्रोपोलिस या अथेन्सच्या टेकडीवरील गडावरच्या खजिनदारांच्या हवाली केल्याशिवाय त्याला अरेओपागस या माजी आर्खोनांच्या परिषदेत बसता येत नसे.

हे तेल दर चार वर्षांनी होणाऱ्या अथेनाच्या महापानाथेनाइआ उत्सवात बक्षीस म्हणून वाटत. एका कुंभात सुमारे ३८ लिटर मावे. कुंभाच्या एका बाजूला शस्त्रधारी अथेना आणि ‘अथेन्सच्या स्पर्धांपैकी’ अशी अक्षरे, दुसऱ्या बाजूला स्पर्धेचे चित्र. मुलांच्या धावण्यात पहिल्याला ५० आणि दुसऱ्याला १० कुंभ, तर दोन घोड्यांच्या रथाच्या शर्यतीत पहिल्याला १४० आणि दुसऱ्याला ४०. म्हणजे रथाच्या पहिल्या बक्षिसात ५,००० लिटरहून अधिक तेल. एवढे घरी संपत नाही, ते विकायचेच. कुंभांवरची काळ्या आकृतींची चित्रशैली इतरत्र मागे पडल्यावरही या बक्षिसासाठी शतकानुशतके टिकली.

व्यायामशाळेत लहान गोल कुपीतून अंगाला तेल चोळत आणि नंतर वाकड्या पात्याच्या खरवडणीने धूळ-घामासह ते काढत. दिव्यालाही हेच तेल.

युद्धात शत्रू झाडे तोडी, इ.स.पू. ४३१ पासून स्पार्टा या शत्रू नगरराज्याच्या फौजांनी ॲटिकाची नासधूस केली. पण जुना बुंधा मुळासकट उखडणे हे भारी कष्टाचे काम, आणि नुसता कापला तर बुडातून नवे धुमारे फुटतात. इ.स.पू. ४८० मध्ये इराण्यांनी जाळलेल्या ॲक्रोपोलिसवरील ऑलिव्हच्या खोडाला दुसऱ्याच दिवशी हातभर कोंब आलेला दिसला, अशी ग्रीक इतिहासकार हिरोडोटसची नोंद आहे. एका दिवसात हातभर हे फारच झाले. कोंब फुटणे मात्र या झाडाच्या स्वभावातलेच.