तलावातले मासे आणि यादीतली माणसं

इंदूरच्या सिरपूर तलावात मासे किती, हे तलाव न उपसता सांगता येतं. शंभर मासे धरायचे, शेपटीला खूण करून सोडून द्यायचे. काही दिवसांनी पुन्हा शंभर धरले आणि त्यात दहा खुणेचे निघाले, तर तलावात साधारण 1,000 मासे.

ब्रिटनमध्ये याच युक्तीनं मानवी तस्करीत अडकलेली माणसं मोजली. 2013 साली पोलीस, सामाजिक संस्था वगैरेंच्या याद्यांत मिळून 2,744 नावं होती. एकच नाव किती याद्यांत येतं ते तपासून संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड सिल्व्हरमन यांनी खरा आकडा 10,000 ते 13,000 असावा असा अंदाज काढला.

खरी गोम याद्यांत आहे. त्या करतं कोण? तक्रार लिहून घेणारा पोलीस, एखादी संस्था, खमका बातमीदार. लोकशाही ढासळू लागली की आधी हीच मंडळी गप्प होतात. म्हणून हुकूमशाहीत सापडलेले पीडित थोडे आणि बऱ्या लोकशाहीत जास्त, असंही चित्र दिसू शकतं. नुसता आलेख पाहणारा फसलाच!

परवा राजवाड्याजवळ पोहे खाताना भाच्यानं टेलिग्रामवरचा निरोप दाखवला: ‘बँकॉक, डेटा एन्ट्री, व्हिसा-तिकीट आमचं.’ अशा नोकरीवर निघालेले कित्येकजण थायलंडची सीमा ओलांडून म्यानमारच्या म्यावाडीकडे पोचवले गेले. पासपोर्ट काढून घ्यायचा, संगणकापुढे बसवायचं आणि लोकांना ऑनलाइन गंडवायला लावायचं. 1 फेब्रुवारी 2021 ला तिथं लष्करानं सत्ता बळकावली. या छावण्या त्याआधीही होत्या, पण नंतर फोफावल्या. त्यांना आसरा सीमेवरच्या सशस्त्र गटांचा, मग दाद मागायची कुणाकडे? तिथं निदान 1,20,000 माणसं डांबलेली असावीत, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं ऑगस्ट 2023 मध्ये म्हटलं. मार्च 2025 मध्ये दोन दिवसांत आपल्या वायुदलाच्या विमानांनी 549 भारतीयांना परत आणलं.

अर्थात मतदान होतं म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. आणि गंमत पाहा, आपल्याकडे वेठबिगारी मोडणारा कायदा झाला 1976 साली, ऐन आणीबाणीत. पण फरीदाबादच्या दगडखाणींतले मजूर त्यानंतरही अडकलेलेच होते. त्यांच्याबद्दलचं एक पत्र सर्वोच्च न्यायालयानं याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि डिसेंबर 1983 मध्ये निकाल दिला. पत्राला मजुरांचे जबाब जोडले होते. खाली सह्या, नाहीतर अंगठे.