डोळ्यातल्या पेशी आणि आतच अडकलेलं प्रोटीन

स्टेरॉइडचे थेंब घातले की डोळ्याची लाली झटकन उतरते, म्हणून बरेच जण जुनी बाटली शोधून आपल्याच मनाने कितीतरी दिवस घालत राहतात. पण त्यामुळे काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि पुढे काचबिंदू होऊ शकतो. हे का होतं ते शोधताना मायोसिलिन नावाचं एक प्रोटीन हाती लागलं, आणि त्याची गोष्ट मला जाम आवडते.

डोळ्याच्या पुढच्या भागात सतत पाणी तयार होतं (अश्रू नव्हेत, हे आतलं पाणी) आणि ट्रॅबेक्युलर मेशवर्क नावाच्या बारीक जाळीतून ते बाहेर जातं; ही वाट अडली की डोळ्यातला दाब वाढतो. नेत्रदानातला कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) वापरून झाला की कडेची रिंग उरते, तिच्यातली ही जाळी काढून पेशी डिशमध्ये वाढवतात. त्यांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं की काही दिवसांनी त्या भरपूर मायोसिलिन बनवून बाहेरच्या द्रवात सोडायला लागतात. मात्र स्टेरॉइडने दाब वाढतो तो या प्रोटीनमुळेच, असं काही सिद्ध झालेलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. 1997 मध्ये कळलं की काही घराण्यांत तरुणपणीच होणारा काचबिंदू याच प्रोटीनच्या जनुकातल्या बिघाडाने होतो. मग पेशींत बिघडलेलं जनुक घालून द्रव आणि पेशी वेगवेगळ्या तपासल्या, तर द्रवात मायोसिलिन जवळपास नाहीच, सगळं पेशीत! बाहेर जाणारं प्रोटीन आधी एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये (पेशीतला प्रोटीन घडवणारा भाग) नीट घडी होऊनच, म्हणजे योग्य आकार घेऊनच, पुढे जातं, घडी चुकली की तिथेच अडवलं जातं, आणि हे बिघडलेलं मायोसिलिन चांगल्या मायोसिलिनलाही चिकटून धरून ठेवतं, त्यामुळे साठा वाढत जातो, पेशीवर ताण येतो आणि ती मरूही शकते. तापमान 37 वरून 30 अंशांवर आणलं तर काही बिघाडांत घडी सुधारते आणि प्रोटीन बाहेर पडायला लागतं!



मायोसिलिनचं जनुकच काढून टाकलेल्या उंदरांना मात्र काचबिंदू होत नाही, म्हणजे त्रास प्रोटीन नसण्याचा नाही, अडकण्याचा आहे. म्हणूनच 2017 मध्ये क्रिस्परने (जनुकं कापायच्या तंत्राने) उंदरांच्या डोळ्यातलं हे बिघडलेलं जनुकच निकामी करून पाहिलं, आणि दाब खाली आला.