सायकलपुढचा कुत्रा आला कुठून?

कुत्रा पुढे पळतोय, त्याच्या हार्नेसचा (अंगात घालायच्या पट्ट्यांचा) दोर सायकलच्या हँडलखाली बांधलाय आणि मागे स्वार पेडल मारतोय. युरोपात या खेळाला बाइकजोरिंग म्हणतात. त्याचा इतिहास सांगताना बहुतेक जण थेट अलास्का आणि हस्की कुत्र्यांवर येतात. ते अर्धंच खरं आहे. अलास्काकडून आल्या त्या आज्ञा आणि बर्फ नसताना चाकांवर सराव करायची सवय. दोर, कंबरपट्टा, एकट्या कुत्र्याला पुढे घालायची पद्धत ही सगळी नॉर्वेच्या स्कीवाल्यांची देणगी आहे. हा फरक लक्षात घेतला नाही की सामान चुकीचं घेतलं जातं, आणि त्याचा त्रास कुत्र्याच्या पाठीला होतो.

सैबेरियाच्या उत्तरेला झोखोव बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या वस्तीत स्लेजचे (बर्फावरच्या घसरगाडीचे) भाग आणि कुत्र्यांची हाडं सापडली आहेत. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तिथल्या कुत्र्याचं नातं आजच्या स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांशी जुळलं. म्हणजे ओढकामासाठी कुत्रे निवडून पाळणं हे बैलगाडीपेक्षाही जुनं काम आहे.

जुंपायची पद्धत मात्र जागेप्रमाणे बदलली. ग्रीनलंड आणि पूर्व कॅनडातले इन्युइट लोक कुत्रे पंख्यासारखे जुंपतात, प्रत्येकाचा दोर स्वतंत्र. समुद्रावरच्या बर्फात झाडं आडवी येत नाहीत आणि एखादा कुत्रा भेगेत पडला तर बाकीचे त्याच्यामागे ओढले जात नाहीत. तोटा असा की कडेचे कुत्रे तिरके ओढतात, त्यांचं थोडं बळ वाया जातं. शिवाय दोर एकमेकांत गुंतून वेणी होते, ती थांबून सोडवावी लागते. अलास्काच्या जंगलातल्या अरुंद वाटेवर हे जमणारच नाही. तिथे मध्ये एक मुख्य दोर आणि दोन्ही बाजूंना जोड्या. सर्वांत पुढे आज्ञा ऐकणारा म्होरक्या, स्लेजला लागून सर्वांत दणकट जोडी, कारण वळणावर स्लेजचा हिसका तिलाच बसतो.

सोन्याच्या शोधात माणसं अलास्कात लोटली आणि टपाल, सामान, माणसं सगळंच कुत्र्यांवर आलं. 1908 साली तिथल्या नोम गावात ऑल अलास्का स्वीपस्टेक्स ही शर्यत सुरू झाली : नोम ते कँडल आणि परत, 408 मैल. सैबेरियातून आणलेले छोटे कुत्रे बघून आधी लोक हसले होते. 1910 मध्ये जॉन जॉन्सनने तसल्याच कुत्र्यांवर सुमारे 74 तासांत शर्यत मारली. पुढे लिओनहार्ड सेप्पालाने 1915 ते 1917 सलग तीनदा जिंकली. 1925 च्या घटसर्पाच्या साथीत नेनानाहून नोमला 674 मैलांवर घटसर्पावरचं प्रतिविष (अँटिटॉक्सिन) पोचवलं गेलं, त्यात वीस चालक आणि सुमारे दीडशे कुत्रे होते. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो या कुत्र्याचं नाव झालं. सर्वांत लांब आणि अवघड टप्पा सेप्पालाच्या टोगो या म्होरक्याने काढला.

आपल्या विषयाला जास्त लागू पडणारी गोष्ट याच नोममधली आहे आणि ती क्वचितच सांगितली जाते. तिथली छोटी रेल्वे बंद पडल्यावर उन्हाळ्यात लोकांनी रुळांवर हलके ठेले टाकले आणि त्यांना कुत्रे जुंपले. सामानही जायचं आणि कुत्र्यांचा दमही टिकायचा. हिवाळ्याआधी चाकांवर तयारी करायची आजची रीत याच जातीची. आता रुळांऐवजी चारचाकी मोटरबाइक असते.

विमानं आली, मग 1960 च्या दशकात स्नोमोबाइल आली आणि गावागावांतून कुत्रे दिसेनासे होऊ लागले. स्लेजचालक जो रेडिंग्टन यांनी 1973 मध्ये इडिटारोड ही कुत्र्यांच्या स्लेजची शर्यत अँकरेजहून नोमपर्यंत नेली, त्यामागे हे कारण होतं. पहिल्या विजेत्याला वीस दिवस लागले.

नॉर्वेत चित्र वेगळं होतं. तिथे एक ते तीन कुत्रे, त्यांच्यामागे पुल्क नावाची छोटी होडीसारखी घसरगाडी आणि तिच्यामागे स्कीवर माणूस. जखमी माणसाला डोंगरातून खाली आणायला हे फार सोयीचं. 1931 मध्ये तिथे ओढणाऱ्या कुत्र्यांचा क्लब स्थापन झाला. स्लेजवरचा चालक बराच वेळ ओझं असतो. स्कीवाला मात्र स्वतः तेवढंच काम करतो. शर्यतींत वेग महत्त्वाचा ठरला तशी हस्कीची जागा शिकारी पॉइंटर कुत्र्यांनी आणि त्यांच्या संकरांनी घेतली. आजही सायकलच्या शर्यतीत पुढे दिसतात ते हेच आखूड केसांचे, सडपातळ कुत्रे.

चाकं ओढणारे कुत्रे युरोपात त्याआधीही होतेच. बेल्जियममध्ये ते दुधाच्या गाड्या ओढत, 1914 मध्ये मशीनगनसुद्धा. इंग्लंडने क्रूरतेच्या कारणावरून 1839 मध्ये लंडनपुरती आणि 1854 मध्ये देशभर कुत्रागाड्यांवर बंदी घातली. आजच्या खेळाने त्या गाड्यांकडून काही घेतलेलं नाही. स्कीवाल्यांनी बर्फ वितळल्यावर आधी पळत आणि मग माउंटन बाइकवर सराव सुरू केला, त्यातून हा खेळ उभा राहिला.

सायकलवर आल्यावर अडचण आली ती दोराची. स्लेजचं वजन हिसके गिळतं. सायकल हलकी, उतारावर कुत्र्याला गाठणारी. दोर ढिला पडला की पुढच्या चाकात जातो आणि स्वार हँडलवरून पुढे. म्हणून दोराचा काही भाग लवचीक असतो, एकूण लांबी न ताणता दोन मीटरच्या आसपास, आणि हँडलखालून पुढे एक ताठ दांडी काढून दोर तिच्यातून नेतात, म्हणजे ढिला झाला तरी तो चाकाच्या वर राहतो. डिस्क ब्रेक हवेतच. दोर मनगटाला गुंडाळणं किंवा हँडलच्या एका टोकाला बांधणं म्हणजे पडण्याची तजवीज.

हार्नेसची चूक सर्वांत जास्त होते. बैलाच्या मानेवर जू चालतं, त्याला तिथे वशिंडाचा आधार आहे. कुत्र्याचा जोर छातीच्या हाडावरून घ्यावा लागतो, गळ्यावर काही येता कामा नये. स्लेजचा हार्नेस शेपटीच्या मुळापर्यंत लांब असतो, कारण स्लेजचा दोर जमिनीलगत असतो. तोच सायकलला वापरला की दोर वर चढतो, हार्नेसचं मागचं टोक उचललं जातं आणि पट्टे कुत्र्याच्या छातीवरून सरकतात. सायकलसाठी बरगड्यांपाशी संपणारा आखूड किंवा बाजूंनी मोकळा हार्नेस बरा. फिरायला नेताना वापरतात तो छातीवर आडव्या पट्टीचा हार्नेस खांद्याची हालचाल अडवतो, तो नकोच.

शिकवण्यातही वारशाचा फरक दिसतो. अलास्कात पिल्लू अनुभवी कुत्र्यांच्या मध्ये जुंपलं की बघून शिकतं. एकट्या कुत्र्याला ती सोय नाही, त्यामुळे माणसाला पायी सुरुवात करावी लागते. आधी घरात पाच मिनिटं हार्नेस. मग दोर ताणून पुढे तोंड करून उभं राहणं. हे पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. नंतर लाकडाचा एक-दोन किलोचा ओंडका, मागच्या खरखराटाची भीती जाण्यासाठी. मग कंबरेला दोर बांधून पळणं आणि वळणाच्या चार-पाच पावलं आधी आज्ञा. अलास्कात उजवीकडे ‘जी’, डावीकडे ‘हॉ’ म्हणतात; कुठलेही दोन छोटे, वेगळ्या आवाजाचे शब्द चालतात. सायकल सर्वांत शेवटी : आधी शेजारून हातात धरून चालवत, मग स्वार होऊन पाचशे मीटर, आणि कुत्र्याची हौस शिल्लक असतानाच थांबायचं. खरं ओढकाम वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्षानंतर. कुत्रा वारंवार मागे बघत असेल तर बहुधा स्वार ब्रेकने हिसके देतोय किंवा एकाच पट्ट्यावर ‘ओढू नको’ आणि ‘ओढ’ दोन्ही शिकवतोय. चालायला गळपट्टा, ओढायला हार्नेस, ही विभागणी पाळली की गोंधळ मिटतो.

पुण्या-मुंबईत हस्की पाळणारे हे करू पाहतात, पण इथे अडतं ते हवेपाशी. कुत्रा मुख्यतः धापा टाकून थंड होतो आणि दमट हवेत ते नीट होत नाही. पंधरा अंशांच्या वर थंड प्रदेशातले जाणकारही अंतर कमी करतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेचा तासभर मिळतो, तोही मातीच्या वाटेवर. मुंबईत तेवढाही भरवसा नाही. जीभ रुंद होऊन लोंबली, हिरड्या गडद लाल झाल्या किंवा मागचे पाय डोलू लागले तर तिथेच हार्नेस काढायचा, कुत्र्याला सावलीत नेऊन पोट-जांघेसह सगळ्या अंगावर गार पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा आणि डॉक्टर गाठायचा.