मेंदूची गंगाजळी

दुपारचे साडेतीन वाजलेत. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात पंखे घरघरतायत आणि अकरा माणसं मान खाली घालून वहीवर आडव्या रेघा ओढत बसलीत. मोडी लिहायची तर आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायची, हात शक्यतो न उचलता. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ताडायचं. त्या अकरांमध्ये माझी आई आहे. पोस्टातून निवृत्त होऊन तिला नऊ वर्षं झाली. वर्ग सुरू झाला त्या आठवड्यात ती घरी येऊन म्हणाली, "अगं, डोकं नुसतं भणभणतंय. मॅट्रिकलासुद्धा असं झालं नव्हतं." तिसऱ्या महिन्यात तिने आजोळच्या जुन्या खरेदीखतातली एक अख्खी ओळ लावली आणि भर दुपारी मला ऑफिसात फोन केला.

त्या भणभणण्यातच वर्गाचा खरा फायदा आहे, असं मला गेल्या काही वर्षांतलं संशोधन वाचून वाटायला लागलंय.

पण आधी माणसांविषयी. निवृत्तीचा हिशेब आपण पैशांत मांडतो: पेन्शन किती, फंड किती, कर्ज फिटलं का. त्या दिवसापासून आणखी काय काय बंद होतं, ते कुणी लिहून काढत नाही. डब्याच्या वेळी टेबलाभोवती जमणारी चौकडी, लोकलमधला रोजचा डबा आणि त्यातले रोजचे चेहरे, पतपेढीच्या बैठका. निकलास स्टेफेन्स आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियातल्या सहकाऱ्यांनी २०१६ साली नेमकं हे मोजलं. इंग्लंडमधल्या ४२४ निवृत्तांची माहिती त्यांनी अभ्यासली. निवृत्तीपूर्वी माणूस किती गटांमध्ये होता, मग तो गट कुठलाही असो, आणि निवृत्तीनंतर त्यातले किती टिकले, हा प्रश्न होता. आधी दोन गटांत असलेल्या माणसाने दोन्ही टिकवले, तर पुढच्या सहा वर्षांत मृत्यूची शक्यता २ टक्के निघाली. एक सुटला तर ५ टक्के. दोन्ही सुटले तर १२. वयाने आणि इतर बाबतींत त्यांच्यासारख्याच, पण अजून नोकरीत असलेल्या माणसांत असा संबंध दिसला नाही. नोकरी असेपर्यंत एखादा गट सुटला तरी दुसरं काहीतरी आधाराला असतं. नंतर ते राहत नाही.

सोबत शरीरापर्यंत पोचते कशी? १९९७ साली अमेरिकेत शेल्डन कोहेन यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवतो. २७६ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले, त्यांना वेगळं ठेवलं आणि कोणाला सर्दी होते ते पाहिलं. त्याआधी प्रत्येकाच्या नात्यांची मोजदाद केली होती, पण माणसं मोजली नव्हती, नात्यांचे प्रकार मोजले होते. जोडीदार, आईवडील, शेजारी, सहकारी, मंडळातले लोक, असे. सहा किंवा जास्त प्रकारची नाती असलेल्यांच्या तुलनेत तीन किंवा कमी प्रकारची नाती असलेल्यांना सर्दी होण्याचा धोका चौपटीहून अधिक होता. विषाणूचे थेंब तर सगळ्यांच्याच नाकात पडले होते. ही माणसं १८ ते ५५ वयाची होती, त्यामुळे सत्तरीतल्यांना हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण नात्यांची विविधता मोलाची ठरते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलगा-सून आणि नातवंडं यांच्यातच सगळं जग आटोपलेल्या आजीआजोबांना घरात कितीही प्रेम मिळालं, तरी त्यांच्या नात्यांचे प्रकार मोजकेच राहतात.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. गटात जाणारे निरोगी असतात, की निरोगी असतात तेच गटात जातात? स्मृतिभ्रंशाची सुरुवात निदानाच्या कितीतरी वर्षं आधी होते आणि त्याच काळात माणूस हळूहळू लोकांतून अंग काढून घ्यायला लागतो. नावं आठवत नाहीत, गप्पांचा धागा सुटतो, म्हणून तो जाणं टाळतो. अशा वेळी एकटेपणा हे कारण नसतं, ती आजाराची चाहूल असते. याची उकल करायची तर माणसांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं गटांत वाटून द्यावं लागतं.

टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतल्या डेनिस पार्क यांनी ते केलं. त्यांच्या अभ्यासात ६० ते ९० वयाची २२१ माणसं होती आणि अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकायला बसवलं, काहींना गोधडीसारखं क्विल्ट शिवायला, काहींना दोन्ही. कॅमेरा ज्यांनी कधी हातात धरला नव्हता, त्यांनी शटर, ॲपर्चर आणि शिवाय संगणकावर फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर, असं सगळं शिकायचं. आठवड्याला सुमारे पंधरा तास, तीन महिने. आणखी एका गटाला तितकाच वेळ एकत्र आणलं, पण शिकवलं काही नाही. त्यांनी सहली काढल्या, खेळ खेळले, एकत्र स्वयंपाक केला, गप्पा मारल्या. आपल्याकडच्या कुठल्याही संघाचं महिन्याचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा: वाढदिवस, भजन, कॅरम, एखादं व्याख्यान, वर्षाला एक सहल. तो गट आणि आपला संघ यांत फार अंतर नाही.

तीन महिन्यांनी घेतलेल्या चाचण्यांत, नवं कौशल्य शिकलेल्यांची घडलेल्या गोष्टी लक्षात ठेवण्याची क्षमता वाढलेली दिसली. फोटोग्राफीवाल्यांत ती ठळक होती. एकत्र जमून मौज करणाऱ्या गटात तशी वाढ दिसली नाही.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. कारण सोबत म्हणजे सगळं काही, असं मीही समजून चालले होते. सोबतीने मन हलकं होतं, त्यात वाद नाही. पण आठवण धारदार व्हायला मेंदूला अडखळावं लागतं. आयुष्यभर साठवलेल्या ज्ञानावर गप्पा मारता येतात, भजन म्हणता येतं, पत्ते खेळता येतात. तिथे मेंदू मळलेल्या वाटेने जातो. नव्या गोष्टीत मात्र त्याला एकाच वेळी चार गोष्टी हातात धराव्या लागतात. आई मोडीची ओळ वाचते तेव्हा एक अक्षर 'ध' धरून पुढे जाते, तीन अक्षरांनंतर अर्थ लागत नाही, मग मागे येते, तेच 'मा' धरून बघते, पहिला अंदाज पुसते, नवा लक्षात ठेवते. 'ध चा मा' करण्याची आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकलेली असते; मोडीच्या वर्गात ती रोज घडते. धरणं, पुसणं, पुन्हा धरणं हे काम प्रामुख्याने कपाळामागचा मेंदूचा भाग करतो, आणि नवी आठवण पक्की करायचं काम कानशिलाच्या आतल्या बाजूचा हिप्पोकॅम्पस. वयाबरोबर हे दोन्ही भाग आकसतात. म्हणून त्यांना कामाला लावणारी गोष्ट हवी.

एवढ्याने स्मृतिभ्रंश टळतो, असं मी म्हणणार नाही. तीन महिन्यांचा अभ्यास तेवढं सांगू शकत नाही. पण दुसऱ्या बाजूने एक जुना धागा येऊन इथे मिळतो. १९८८ साली अमेरिकन मेंदूतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या १३७ जणांच्या मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले. त्यातल्या दहा जणांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या, पण हयातीत त्यांची बुद्धी चोख चालली होती. त्यांच्या मेंदूचं वजन जास्त होतं, मोठ्या चेतापेशींची संख्याही जास्त. पुढे याकोव्ह स्टर्न यांनी ही कल्पना वाढवली: शिक्षण, अवघड काम, नाना छंद यांतून मेंदू पर्यायी रस्ते बांधून ठेवतो आणि एक रस्ता खचला की दुसऱ्याने जातो. आपल्याकडे संस्थेच्या राखीव निधीला गंगाजळी म्हणतात. मेंदूच्या बाबतीत मला याहून चांगला शब्द सापडत नाही. आजार थांबत नाही, पण त्याची वसुली सुरू झाली तरी खातं लगेच रिकामं होत नाही.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने स्मृतिभ्रंशाच्या बदलता येण्यासारख्या चौदा कारणांची यादी दिली. ती सगळी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात म्हातारपणीचा एकटेपणा आहे, लहानपणी न मिळालेलं शिक्षण आहे, आणि श्रवणदोष तर यादीत अगदी वरच्या जागी आहे. हे शेवटचं मला संघाच्या सभागृहात दर आठवड्याला दिसतं. उघड्या खिडक्या, बाहेर रिक्षांचे हॉर्न, डोक्यावर पंखा, भिंतींवर आदळून येणारा माइकचा आवाज. मागच्या रांगेतले एक अण्णा हसायच्या जागी हसतात, पण अर्ध्या सेकंदाने, इतरांकडे बघून. दोन महिन्यांनी ते यायचे थांबले. घरच्यांना वाटलं, कंटाळा आला असेल. मोडीच्या वर्गात आता सगळे अर्धवर्तुळात बसतात, शिकवणाऱ्याचे ओठ दिसतील असे, आणि शिकवताना कोपऱ्यातला मोठा पंखा बंद असतो. अण्णा परत आलेत. श्रवणयंत्र लावायला त्यांना कुणी पटवलं माहीत आहे? शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या, स्वतः यंत्र लावणाऱ्या ताईंनी. मुलांनी चार वर्षं सांगून जे झालं नव्हतं, ते असं झालं.

शिक्षणाच्या मुद्द्यावर मात्र शहरातले संघ थिटे पडतात. भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज २०२३ साली आला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते जास्त आहे. ज्यांना पाटी-पेन्सिल कधी मिळालीच नाही, त्या याच बायका. म्हणून मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा मला कुठल्याही प्रयोगशाळेइतकी मोलाची वाटते. योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने ८ मार्च २०१६ रोजी ती सुरू केली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी साडी नेसून, पाठीला दप्तर लावून, दुपारी कामं आटोपल्यावर येऊ लागल्या आणि मुळाक्षरं गिरवू लागल्या. पोथी स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावी, ही त्यांची इच्छा होती.

मोठ्या वयात अक्षर शिकल्याने मेंदूत काय होतं, हे पाहिलेला एक अभ्यास आपल्याच देशातला आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर माणसांना, त्यातही बहुतेक तिशीतल्या बायकांना, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. बदल मेंदूच्या वरच्या पापुद्र्यापुरता राहिला नव्हता. खोलवर, मस्तिष्कस्तंभ आणि थॅलॅमसपर्यंत, दृष्टीशी निगडित भागांचं एकमेकांशी जुळणं वाढलं होतं. हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. फांगण्याच्या आज्या त्या बायकांहून दुप्पट वयाच्या. त्यांच्या डोक्यात नेमकं काय घडलं असेल, ते मोजून बघावं असं फार वाटतं.

शिकायचं म्हणजे शिकवणारा हवा, आणि संघांची गाडी बहुधा इथेच अडते. वक्ता मिळत नाही, मानधनाला पैसे नाहीत. १९७३ साली फ्रान्समधल्या तुलूझ इथे 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' निघालं तेव्हा तिथे प्राध्यापक होते, कारण मूळ विद्यापीठाने दार उघडलं होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनने ती कल्पना उचलली आणि प्राध्यापकच काढून टाकले. सभासदांनीच एकमेकांना शिकवायचं. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. निवृत्त माणसाकडे चाळीस वर्षांचं काम असतं, ते दुसऱ्यासाठी नवंकोरं असतं. आपल्या संघांतही निवृत्त लाइनमन आहेत, परिचारिका आहेत, टंकलेखक, तलाठी, शिंपी आहेत. सातबारा कसा वाचायचा हे तलाठ्याने शिकवलं, तर एक वर्ग भरतो. आणि शिकवणाऱ्यालाही तयारी करावी लागते, मनात क्रम लावावा लागतो, न कळलेल्याला दुसऱ्या शब्दांत सांगावं लागतं. त्याचंही डोकं भणभणतं.

या जूनपासून मोडीची नवी तुकडी सुरू झाली. शिकवायला आधीच्या तुकडीतले तिघं आहेत आणि सोमवारचा तास आईकडे आहे. रविवारी रात्री जेवणं झाली की ती टेबलावर वही उघडते, पट्टी लावते, शिरोरेघ ओढते आणि 'र'ची वेगवेगळी रूपं खाली उतरवत जाते. परवा एक रूप चुकलं. तिने पान उलटलं, नवी रेघ ओढली आणि मला म्हणाली, "लाइट राहू दे गं, मला वेळ लागेल."