उत्तर ध्रुवप्रदेशातील हवाई टपाल

उत्तर ध्रुवप्रदेशातील हवाई टपाल : अलास्का आणि उत्तर कॅनडा येथील रस्ता वा रेल्वे न पोचलेल्या वस्त्यांना विमानाने टपाल पुरवण्याची व्यवस्था. तिचा आरंभ 1920 नंतरच्या दशकातला. त्याआधी टपाल उन्हाळ्यात बोटीने आणि हिवाळ्यात कुत्र्यांच्या घसरगाडीने जाई. उत्तर कॅनडातील मॅकेंझी नदीच्या मुखाजवळच्या ठाण्यांना वर्षातून मोजक्याच वेळा पत्रे मिळत.

अलास्कातील पहिली प्रायोगिक फेरी 21 फेब्रुवारी 1924 रोजी झाली. वैमानिक होता फेअरबँक्सला शाळामास्तर म्हणून आलेला कार्ल बेन आइल्सन. फेअरबँक्स ते मॅकग्राथ हे सुमारे 450 किमी. अंतर कापायला घसरगाडीला अठरा-वीस दिवस लागत. आइल्सन तीन तासांच्या आत पोचला. टपालाचे वजन होते जेमतेम 74 किग्रॅ. विमान उघड्या बैठकीचे असल्याने त्याने अंगावर काय काय चढवले होते ते वाचण्यासारखे आहे : लोकरी मोज्यांवर कॅरिबूच्या (उत्तर अमेरिकेतील रानटी रेनडिअरच्या) कातड्याचे मोजे, गुडघ्यापर्यंतची मऊ पादत्राणे, एकावर एक दोन विजारी, जाड सदरा, स्वेटर, केसाळ टोपी आणि सगळ्यांवर रेनडिअरच्या कातड्याचा सैल अंगरखा. सोबत दहा दिवसांची शिधासामग्री, बर्फात चालायचे जोडे, बंदूक आणि कुऱ्हाड. वाटेत उतरावे लागले तर चालत परतायचे, हा हिशेब उघडच त्यात होता. परतताना रात्र झाली. गावकऱ्यांनी शेकोट्या पेटवल्या, तो उतरलाही, पण विमानाची मोडतोड झाली.

करार दहा फेऱ्यांचा होता आणि मैलाला दर दोन डॉलर, म्हणजे घसरगाडीच्या निम्म्याहूनही कमी. तरीही तिसऱ्या अपघातानंतर, आठव्या फेरीशी टपाल खात्याने प्रयोग थांबवला. स्वस्ताई आणि वेग दोन्ही विमानाच्या बाजूला होते. भरवसा कुत्र्यांच्या बाजूला. पुढच्याच हिवाळ्यात, 1925 साली, अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरील नोम येथे घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषध पोचवायला विमानाचा विचार होऊनही अखेर काम गाडीवानांकडेच गेले. वीस जणांनी आळीपाळीने सुमारे 1,085 किमी. वाट साडेपाच दिवसांत तोडली. त्यांतले बरेच जण एरवी टपालच नेत.

पारडे फिरले ते कॅनडात. जानेवारी 1929 मध्ये वॉप मे आणि व्हिक हॉर्नर या वैमानिकांनी उघड्या विमानातून एडमंटनहून फोर्ट व्हर्मिलियनला औषध नेले. रोग तोच, घटसर्प. त्याच महिन्यात पंच डिकिन्स या वैमानिकाने मॅकेंझीकाठच्या फोर्ट सिम्पसनला टपाल पोचवले आणि 1 जुलैला तो पार नदीच्या मुखाजवळच्या अक्लाविकपर्यंत गेला. डिसेंबरात मे याच्या कमर्शिअल एअरवेज कंपनीने फोर्ट मॅकमरे ते अक्लाविक या सुमारे 2,700 किमी. मार्गावर नियमित टपाल सुरू केले. पहिल्या खेपेला टपाल होते जवळपास 5 टन. मात्र त्यात उत्तरेतल्या माणसांना लिहिलेली पत्रे थोडी. बहुतेक पाकिटे पहिल्या फेरीचा शिक्का हवा असलेल्या तिकीटसंग्राहकांची होती. डिसेंबरअखेर विमाने अक्लाविकला उतरली तेव्हा तिथे सूर्य उगवतच नव्हता.

संग्राहकांना आणखी एक गोष्ट प्रिय आहे. 1924 पासून सुमारे दशकभर कॅनडाच्या टपाल खात्याने खाजगी विमान कंपन्यांना स्वतःची तिकिटे छापू दिली होती. ती पाकिटाच्या मागे लावायची. पुढच्या बाजूला नेहमीचे सरकारी तिकीट लागेच. क्विबेकमधील रुआँच्या सोन्याच्या पट्ट्यात जाणाऱ्या लॉरेंटाइड एअर सर्व्हिसचे तिकीट 25 सेंटचे होते.

विमान उडवण्यापेक्षा ते चालू ठेवणे कष्टाचे. मुक्कामाला पोचताच इंजिनातले तेल गरम असतानाच काढून घ्यावे लागे. सकाळी ते चुलीवर तापवून परत ओतायचे. इंजिनावर ताडपत्रीचा तंबू घालून आत स्टोव्ह पेटवायचा आणि आग लागू नये म्हणून कोणीतरी शेजारी बसून राहायचे. चाकांऐवजी बसवलेल्या घसरपट्ट्या बर्फाला चिकटू नयेत म्हणून विमान ओंडक्यांवर चढवून ठेवत. उन्हाळ्यात घसरपट्ट्यांच्या जागी तरंगते पाय बसवून नदीवर किंवा तळ्यावर उतरत. पण शरदात पाणी गोठताना आणि वसंतात बर्फ फुटताना दोन्ही निरुपयोगी ठरत आणि काही आठवडे टपाल बंदच राही.

कुत्रे लगेच निवृत्त झाले नाहीत. बेरिंग समुद्रातील सेंट लॉरेन्स बेटावर सॅवुंगा आणि गॅम्बेल या गावांदरम्यान 1963 पर्यंत टपाल घसरगाडीनेच जात होते.