जुनी अत्तराची कुपी जांभळी का पडते?

कोल्हापुरात जुन्या वस्तूंच्या बाजारात फिकट जांभळी कुपी हातात घेतली, की विकणारा हमखास सांगतो, "आत भारी अत्तर होतं, त्याचा रंग काचेत मुरलाय." काचेत अत्तर मुरत नाही. हा रंग उन्हाचा आहे.

वाळूत थोडंफार लोह असतंच, त्यामुळे साधी काच हिरवट दिसते. ती छटा मारायला जुने कारागीर वितळलेल्या काचेत मँगनीज डायऑक्साइड टाकत. थंड झालेल्या काचेत बहुतेक मँगनीज दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत असतं. त्याच्या 'डी' कक्षेत पाच कप्पे, प्रत्येकात एक इलेक्ट्रॉन, सगळ्यांची फिरकी (इंग्रजीत 'स्पिन', इलेक्ट्रॉनचा एक अंगभूत गुण) एकाच दिशेला. एका कप्प्यात एकाच दिशेच्या फिरकीचे दोन इलेक्ट्रॉन मावत नाहीत, म्हणून प्रकाश शोषून कप्पा बदलायचा तर फिरकी उलटावी लागते, आणि पुंजभौतिकीत त्याला जवळपास मज्जावच आहे. म्हणून अशी काच पाण्यासारखी स्वच्छ दिसते. पण वर्षानुवर्षं उन्हात राहिली, की अतिनील किरण मँगनीजचा आणखी एक इलेक्ट्रॉन उडवतात आणि शेजारचा लोहाचा आयन (विद्युतभारित अणू) तो पकडून ठेवतो. आता एक कप्पा रिकामा! फिरकी न बदलता उडी मारता येते, हिरवा प्रकाश शोषला जातो आणि डोळ्यांपर्यंत येतो तो जांभळा. मायकेल फॅरडेनं 1825 च्या सुमारास काचेचे तुकडे केले, काही उन्हात आणि काही अंधारात ठेवले आणि हा फरक पडताळून पाहिला.

कुपी पांढऱ्या कागदावर आडवी धरून बघा. बुडाशी काच जाड, तिथं रंग गडद. मानेशी तो जेमतेम जाणवतो.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मँगनीजची जागा सेलेनियम घेऊ लागलं, त्यामुळे नंतरच्या बाटल्या सहसा जांभळ्या पडत नाहीत. 1928 सालच्या 'इव्हनिंग इन पॅरिस' या अत्तराची निळी बाटली मात्र वेगळी. तो कोबाल्टचा रंग, भट्टीतच आलेला.

रंगीत बाटलीतलं पाणी उन्हात ठेवून औषध म्हणून पिणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, ऊन काचेत बदल घडवतं, पाण्यात औषधी गुण उतरवत नाही. आणि वांग्यासारखी गडद जांभळी कुपी कुणी चढ्या भावानं देऊ केली, तर सावध राहा. जुन्या स्वच्छ बाटल्यांवर मुद्दाम गॅमा किरण सोडून असा रंग आणतात. उन्हाचा रंग बहुधा फिकाच असतो.